ड्रॅगन बॉलमधली लढत चौकटीचौकटीने कशी पाहावी

लढतीच्या मांगातली, म्हणजे जपानी चित्रकथेतली, चित्रे ‘पाहायला’ बसलेला वाचक बहुधा भराभर पाने उलटतो, पानभर पसरलेले एखादे जोरकस चित्र आले की थांबतो, त्याचे कौतुक करतो आणि पुढे निघतो. ज्या चौकटींच्या बळावर ते मोठे चित्र उभे राहिलेले असते, त्या मात्र नजरेखालून नुसत्या निसटून जातात. लढतीचे चित्रांकन एकेका सुट्या चित्रात सापडत नाही. पाय कुठे रोवलेला होता, ठोसा कोणत्या बाजूने आला, मार खाणारा कुठे फेकला गेला आणि आपली नजर आपोआप त्याच्या मागे गेली की नाही, या एका चौकटीतून दुसरीत होणाऱ्या प्रवासात ते असते.

हा प्रवास शिकण्यासाठी आकिरा तोरियामा यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही मालिका मला सर्वांत योग्य वाटते. १९८४ ते १९९५ या काळात ‘शोनेन जंप’ साप्ताहिकातून तिची ५१९ प्रकरणे प्रसिद्ध झाली आणि पुढे ती ४२ खंडांत आली. दोन माणसे कितीही वेगाने झुंजत असली तरी कोण कुठे आहे हे तिच्यात वाचकाला क्वचितच शोधावे लागते. ही स्पष्टता इतकी सहज वाटते की तिच्यामागची रचना डोळ्यांना दिसतच नाही. ती दिसू लागावी, यासाठी पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

पूर्वतयारी

प्रथम आवृत्ती ठरवावी. भारतात सहज मिळणारी इंग्रजी आवृत्ती व्हिझ या प्रकाशनसंस्थेची आहे आणि तिच्यात खंडांची मांडणी थोडी वेगळी आहे: मूळ जपानी १ ते १६ खंड ‘ड्रॅगन बॉल’ या नावाने आहेत, तर १७ ते ४२ हे खंड ‘ड्रॅगन बॉल झी’ या नावाने पुन्हा १ पासून सुरू होतात. म्हणजे मूळ २७वा खंड हवा असेल तर ‘झी’चा ११वा खंड घ्यावा. या लेखात खंडांचे क्रमांक मूळ जपानी मांडणीनुसार दिले आहेत.

शक्य असेल तर छापील पुस्तकच वापरावे. जपानी खंडाचे पान सुमारे ११ सेंटीमीटर रुंद आणि साडेसतरा सेंटीमीटर उंच असते, तर साप्ताहिकाचे पान त्याहून बरेच मोठे असे. मूळ चित्र छापील पानापेक्षा मोठ्या कागदावर काढण्याची मांगातली रीत असल्यामुळे खंडात आपण रेषा आकसलेल्या रूपातच पाहत असतो. म्हणून बारीक रेषांसाठी साधे भिंग जवळ ठेवावे. फोनवर वाचायचे असेल तर फोन आडवा धरून समोरासमोरची दोन्ही पाने एकत्र दिसतील अशी मांडणी निवडावी.

याशिवाय थोडा बटर पेपर, मऊ पेन्सिल, दोन रंगांचे पेन आणि पोस्टकार्डाएवढे दोन कोरे पुठ्ठे लागतील. पुठ्ठ्यांनी बाकीचे पान झाकून एकच चौकट किंवा दोनच चौकटी उघड्या ठेवता येतात.

*इशारा:* वरून खाली सरकवत वाचण्यासाठी पानांचे तुकडे केलेली प्रत या कामासाठी निरुपयोगी आहे. तिच्यात जोडपान, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांची जोडी, तुटते, पान उलटण्याची जागा नाहीशी होते आणि पुढचे निम्मे टप्पे करताच येत नाहीत. मागाहून संगणकावर रंगवलेली आवृत्तीही आरंभी बाजूला ठेवावी, कारण रंग आले की काळ्या-पांढऱ्याचा मूळ तोल झाकला जातो.

*पडताळणी:* प्रत आरशातल्यासारखी उलटी छापलेली नाही ना, हे तपासण्यासाठी मालिकेचा नायक गोकू याच्या अंगरख्यावरचे, कासव या अर्थाचे चित्राक्षर पाहावे आणि ते इतर कोठे नीट छापलेल्या चित्राशी ताडून घ्यावे. ते उलटे दिसले तर सर्व दिशाही उलट्या झालेल्या आहेत असे समजावे.

टप्पा १ : नजरेचा क्रम बसवणे

देवनागरी वाचणाऱ्याचा डोळा पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात उतरतो. मांगाचे पान वरच्या उजव्या कोपऱ्यात सुरू होऊन खालच्या डाव्या कोपऱ्यात संपते आणि समोरासमोरच्या पानांपैकी उजवे पान आधी वाचायचे असते. हे बहुतेकांना ठाऊक असते. चूक होते ती चौकटीच्या आत. वाचक चौकटींचा क्रम बरोबर घेतो, पण एकाच चौकटीतले संवादाचे फुगे आणि माणसे मात्र सवयीने डावीकडून पाहतो. त्यामुळे उत्तर प्रश्नाच्या आधी वाचले जाते आणि मार खाणारा मारणाऱ्याच्या आधी दिसतो.

यावर उपाय सोपा आहे. निवडलेल्या लढतीच्या आधीचे, निव्वळ संवादांचे एखादे प्रकरण घेऊन प्रत्येक चौकटीत प्रथम उजव्या कडेला नजर टेकवावी आणि मग डावीकडे न्यावी. हे विचार न करता होऊ लागले की पुढे जावे. घाई करू नये, कारण दिशेसंबंधीची पुढची सगळी निरीक्षणे याच सवयीवर उभी आहेत.

टप्पा २ : एकदा गोष्टीसाठी, एकदा मुक्याने

लढत निवडताना आरंभीच्या खंडांतील ‘तेन्काइची बुदोकाइ’ या युद्धकलेच्या स्पर्धेतली निवडावी. तिथे रिंगण ठरलेले आहे, नियम ठरलेले आहेत आणि खेळाडू दोनच आहेत. अवकाशात उडत होणाऱ्या नंतरच्या लढतींपासून सुरुवात केली तर पाय ठेवायला जमीनच सापडत नाही.

पहिले वाचन नेहमीच्या गतीने, गोष्टीसाठी करावे. कोण जिंकणार ही उत्सुकता शमली नाही तर डोळा चित्रावर टिकत नाही. दुसऱ्या वाचनात एकही शब्द वाचू नये. फुगे दिसतील, पण त्यांतली अक्षरे सोडून द्यावी आणि प्रत्येक चौकटीला एका वाक्यात उत्तर द्यावे: या चौकटीत काय बदलले? ‘गोकू मारतो’ हे उत्तर अपुरे आहे. ‘मघाशी मागे असलेला उजवा पाय आता पुढे आला आहे आणि समोरचा निम्मा वाकला आहे’ हे उत्तर चालेल.

दूरचित्रवाणीवरची मालिका पाहून मांगाकडे आलेल्या वाचकांसाठी हा टप्पा विशेष महत्त्वाचा आहे. पडद्यावर ताणलेल्या लढती कागदावर पुष्कळ आटोपशीर आहेत. पडद्याची आठवण मनात ठेवून पान पाहिले की दोन चौकटींच्या मधली जागा आपण आठवणीतल्या हालचालींनी भरून टाकतो आणि चित्रकाराने ती कशी भरली आहे, हे पाहायचेच राहते.

टप्पा ३ : रिंगणाचा नकाशा

लढतीच्या चित्रांचा आस्वाद जागेच्या जाणिवेपासून सुरू होतो, आणि वाचक सर्वाधिक दुर्लक्ष करतो तेही जागेकडेच. या टप्प्याला पुरेसा वेळ द्यावा.

बटर पेपरवर एक चौरस काढावा. हे रिंगण. ते चौकोनी फरश्यांचे असल्याने, चित्रात फरशीच्या रेषा दिसतील तिथे पाहणारा कोणत्या बाजूला, किती उंचीवर उभा आहे हे कळते. रेषा जवळजवळ आडव्या आणि दाटलेल्या असतील तर आपला डोळा जमिनीलगत आहे, आणि फरश्या मोकळ्या, चौरसाकार दिसत असतील तर आपण वरून पाहत आहोत. प्रत्येक चौकटीसाठी नकाशावर दोन ठिपके खेळाडूंचे आणि एक बाण पाहणाऱ्याचा, असे टिपत जावे.

पाच-सहा चौकटींतच एक गोष्ट ध्यानात येईल. दोन खेळाडूंना जोडणारी एक रेषा मनात आखली तर पाहणारा बराच काळ तिच्या एकाच बाजूला राहतो, म्हणून उजवीकडचा उजवीकडेच आणि डावीकडचा डावीकडेच दिसतो. ज्या चौकटीत पाहणारा ती रेषा ओलांडून पलीकडे जातो तिथे पानावर खूण करावी आणि एकच प्रश्न विचारावा: वाचक गोंधळू नये म्हणून इथे काय केले आहे? कधी एक खेळाडू दुसऱ्याच्या डोक्यावरून उडी मारून स्वतःच बाजू बदलतो. कधी मध्ये वरून दिसणारे संपूर्ण रिंगण येते आणि पुढच्या चौकटीपासून नवी बाजू धरली जाते. कधी समोरून काढलेला, ना डावा ना उजवा, असा नुसता चेहरा मध्ये घातलेला असतो.

जमीन केवळ पार्श्वभूमी नव्हे, ती लढतीच्या अर्थाचा भाग असते, हे पाहायचे असेल तर गोकू आणि त्याचा प्रतिस्पर्धी तेनशिन्हान यांची, ११व्या आणि १२व्या खंडात पसरलेली, याच स्पर्धेतली अंतिम लढत घ्यावी. तेनशिन्हान आकाशातून वार करून रिंगणच नाहीसे करतो आणि त्या जागी खोल खड्डा उरतो. तेवढा वेळ ज्या फरश्यांवरून आपण अंतरे मोजत होतो त्या नाहीशा होतात आणि प्रश्न उरतो तो जमिनीला आधी कोण टेकणार इतकाच. त्या क्षणापासून नकाशाचा कागद बाजूला ठेवून उभा छेद काढावा, म्हणजे वर-खाली कोण आहे ते टिपावे. ज्या वाचकाने आधीच्या पानांत फरश्यांकडे लक्षच दिलेले नसते, त्याला त्या गेल्याची पोकळी जाणवत नाही.

१६व्या खंडातल्या, गोकूचा शत्रू पिक्कोलो याच्याशी होणाऱ्या लढतीत फरशी मोजपट्टीचे काम करते. पिक्कोलो अवाढव्य रूप घेतो तेव्हा त्याचे पाऊल किती फरश्या व्यापते हे पाहावे. आकार पटतो तो पावलाखालच्या या ओळखीच्या मापामुळे. नुसता देह मोठा काढून तो पटला नसता.

*पडताळणी:* पुस्तक मिटून, केवळ नकाशे पाहून लढत कोणाला तरी तोंडी सांगता येते का ते पाहावे. एखाद्या ठिकाणी अडखळल्यास त्या पानावर परत जावे. बहुतेक वेळा तिथे आपल्याकडून एखादी लहान चौकट सुटलेली असते.

टप्पा ४ : जोर कोणत्या दिशेने वाहतो

आता एका पानावर नवा बटर पेपर ठेवावा. एका रंगाने प्रत्येक चौकटीतल्या हालचालीचा बाण काढावा: ठोशाचा, उडीचा, फेकल्या जाणाऱ्या देहाचा. दुसऱ्या रंगाने आपली नजर पानावरून गेली ती वाट काढावी. मग दोन्ही रंग कुठे एकमेकांच्या सोबतीने जातात आणि कुठे आमनेसामने येतात ते पाहावे.

उजवीकडून डावीकडे वाचायच्या पानावर डावीकडे झेपावणारा देह वाचनाच्या ओघात जातो, म्हणून तो वेगवान आणि मोकळा वाटतो. उजवीकडे तोंड करून उभा असलेला किंवा उजवीकडे येणारा त्या ओघाला आडवा येतो, म्हणून तो अडथळा, धक्का किंवा भिंत वाटतो. पण डावीकडे जाणारा तो वरचढ, असा नियम मात्र करू नये. ओघ आणि अडथळा यांची अदलाबदल कुठे होते तेवढे टिपावे, कारण लढतीचे पारडे बहुधा तिथेच फिरत असते.

एका चौकटीतून फेकला गेलेला देह पुढच्या चौकटीत कुठून आत येतो, हेही तपासावे. डाव्या कडेकडे भिरकावलेला माणूस पुढच्या चौकटीच्या उजव्या कडेकडून आत आला तर नजर कुठेच अडत नाही.

टप्पा ५ : न काढलेले क्षण

प्रत्येक घावाचे ढोबळमानाने तीन क्षण असतात: घाव बसण्यापूर्वीचा, बसतानाचा आणि बसल्यानंतरचा. तिन्ही काढले तर लढत संथ होते आणि एकच काढला तर ती कळत नाही. कोणता ठेवला, कोणता गाळला आणि गाळलेला वाचकाच्या मनात कसा उभा केला, यात लढतीच्या चित्रकाराचे खरे कसब असते. माझ्या मते या लेखातला हाच टप्पा सर्वांत मोलाचा आहे, आणि त्यासाठी तोरियामांनी स्वतःच एक धडा मांडून ठेवलेला आहे.

चौथ्या खंडात गोकूचा मित्र क्रिलिन आणि जॅकी चुन हा म्हातारा लढवय्या यांची, याच स्पर्धेतली उपांत्य लढत आहे. दोघे एकमेकांवर झेपावतात, काही तरी झटकन घडते आणि दोघे वेगळे होतात. प्रेक्षकांना काहीच दिसलेले नसते. निवेदक त्या दोघांनाच विचारतो की आत्ता नेमके झाले काय, आणि ते दोघे तीच झटापट संथपणे, एकेक हालचाल करून पुन्हा दाखवतात. त्यात मध्येच दगड-कागद-कात्रीचा डावही निघतो. प्रसंग हसवण्यासाठी योजलेला आहे, पण अभ्यासकाच्या हाती त्यातून फार मोठी गोष्ट लागते: एकाच कृतीची, एकाच हाताने काढलेली, एक गाळलेली आणि एक न गाळलेली अशी दोन चित्रणे जवळजवळ सापडतात.

हा प्रसंग असा अभ्यासावा. प्रथम पुठ्ठ्याने पुढचे सर्व झाकून फक्त वेगवान झटापट पाहावी आणि काय घडले असावे ते लिहून काढावे. नंतर संथ आवृत्ती पाहत प्रत्येक हालचालीला क्रमांक द्यावा. मग परत पहिल्या झटापटीकडे येऊन, कोणत्या क्रमांकाची हालचाल तिथे चित्रात आहे आणि कोणती केवळ रेषांच्या झोताने सुचवली आहे ते लिहावे. शेवटी वेगवान आवृत्ती वाचताना लागलेला श्वास आणि संथ आवृत्ती वाचताना लागलेला श्वास यांची तुलना करावी. न काढलेल्या क्षणांमुळे वेग कसा निर्माण होतो, हे समजायला याहून सोपी वाट मला माहीत नाही.

यानंतर कोणतीही साधी लढत घेऊन दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवर पेन्सिलीने गाळलेला क्षण लिहावा, अर्थात बटर पेपरवर. ‘हात मागे नेला’, ‘घाव बसला’, ‘पाठ भिंतीला लागली’ अशा नोंदी पुरेत. कधी घावाचा क्षणच गाळलेला आढळेल: आधी उगारलेली मूठ आणि लगेच दूर कोसळणारा देह. कधी उलट, घाव ठळक आणि त्यापूर्वीची तयारी गाळलेली, म्हणजे तो मार खाणाऱ्यासारखाच वाचकालाही अनपेक्षित. चित्रकाराने कोणाच्या बाजूने आपल्याला उभे केले आहे, हे यावरून ओळखता येते.

*इशारा:* दोन चौकटींतले अंतर फार वाटले की ‘इथे चित्र कमी पडले’ असा निष्कर्ष लगेच काढू नये. आधी पाहणाऱ्या पात्रांचे चेहरे शोधावेत. रिंगणाबाहेरच्या कोणाची नजर कुठे वळली आहे यावरून गाळलेली हालचाल पुष्कळदा कळते.

टप्पा ६ : चौकटीचा आकार आणि पान उलटण्याची जागा

उजवीकडे बांधलेल्या पुस्तकात पान उलटण्यापूर्वीची शेवटची चौकट डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असते आणि उलटल्यावर पहिली दिसते ती नव्या उजव्या पानावरची वरची उजवी. या दोन जागांची जोडी करून पाहावी. प्रश्न, चाहूल, वळलेली मान पहिल्या जागी. उत्तर, स्फोट, नवे आगमन दुसऱ्या जागी, अशी मांडणी वारंवार सापडेल.

आता मोठ्या चित्राकडे वळायला हरकत नाही. त्याचे माप मात्र आधीच्या लहान चौकटींच्या संदर्भात घ्यावे. आधीचे पान किती तुकड्यांत कापले होते? कापलेल्या रेषा सरळ होत्या की तिरप्या? कोणाचा हात किंवा पाय चौकटीची सीमा ओलांडून बाहेर आला होता का? तोरियामांच्या पानांवर बहुतेक चौकटी साध्या काटकोनी असतात, त्यामुळे एखादी तिरपी कडा किंवा सीमेबाहेर आलेला पाय लगेच जाणवतो. सगळ्याच चौकटी तिरक्या असत्या तर ती जाणीव बोथट झाली असती.

साप्ताहिकात काही प्रकरणांची सुरुवातीची पाने रंगीत छापली जात. खंडात तीच पाने करड्या छटांत येतात आणि थोडी मळकट दिसतात. अशा पानांवरून रेषेविषयी किंवा काळ्या रंगाच्या वापराविषयी मत बनवू नये.

टप्पा ७ : काळे, पांढरे आणि चार प्रकारच्या रेषा

डोळे अर्धवट मिटून जोडपान हातभर अंतरावर धरावे. तपशील पुसट होतात आणि फक्त काळे डाग उरतात. हे डाग कुठे आहेत ते बटर पेपरवर भरून घ्यावे. आरंभीच्या आणि मधल्या खंडांत बहुतेक ठिकाणी सर्वांत मोठा काळा डाग गोकूच्या केसांचा असतो, आणि पानावर त्याला शोधायला वेळ लागत नाही तो याच कारणाने. ठिपक्यांच्या छटांसाठी वापरला जाणारा स्क्रीनटोन या मालिकेत फार कमी आहे, त्यामुळे सारी मदार भरीव काळ्यावर आणि कोऱ्या कागदावर आहे.

हे लक्षात आल्यावर २७वा खंड उघडावा. क्रिलिनच्या मृत्यूनंतर गोकू प्रथमच ‘सुपर सायान’ हे अधिक शक्तिशाली रूप घेतो आणि त्याचे काळे केस कागदासारखे पांढरे होतात. केस काळे भरण्यात साहाय्यकाचा फार वेळ जाई, तो वाचावा हेही त्यामागचे एक कारण होते, असे तोरियामांनीच सांगितलेले आहे. ही माहिती कळली की काही वाचक त्या बदलाला निव्वळ सोय समजून सोडून देतात. तसे करू नये. पानावर काय झाले ते पाहावे. ज्या काळ्या डागाच्या आधाराने इतके खंड आपण गोकूला ओळखत आलो तोच गेला आहे. समोरचा शत्रू फ्रीझाही या रूपात जवळजवळ कोरा, गुळगुळीत आहे. दोन पांढऱ्या आकृती आता फक्त बाह्यरेषेने वेगळ्या ठेवायच्या आहेत: एकीची कडा टोकदार आणि उभी, दुसरीची वळणदार आणि सलग. रूपांतरापूर्वीची आणि नंतरची अशी दोन जोडपाने घेऊन डागांचे नकाशे शेजारी ठेवले की हे स्वच्छ दिसते.

पार्श्वभूमीचेही असेच आहे. ओसाड माळ, खडक, मोकळे आकाश दिसले की ‘इथे काहीच काढलेले नाही’ असे म्हणून वाचक पुढे सरकतो. क्षितिजाची एकच रेषा आणि दूरचे दोन-चार सुळके असले तरी देहाची उंची, अंतर आणि फेकले जाण्याचा वेग तेवढ्यावर मोजता येतो. मोकळ्या जागेतला प्रत्येक दगड त्या दृष्टीने तपासावा.

रेषांचे चार प्रकार वेगळे ओळखावेत. हालचालीच्या समांतर रेषा देहाच्या मागे वाहतात आणि दिशा सांगतात. एका बिंदूकडे धावणाऱ्या रेषा चौकटीच्या कडांपासून निघून नजर त्या बिंदूवर खिळवतात. शरीराभोवती वर उसळणाऱ्या रेषा आतली शक्ती दाखवतात आणि त्यात देह स्थिरच असतो. चौथा प्रकार घाव बसण्याच्या जागी फुटणाऱ्या ताऱ्यासारख्या आकाराचा. नवखा वाचक या सगळ्यांना ‘वेगाच्या रेषा’ म्हणतो आणि स्थिर उभ्या माणसालाही धावता समजतो. भिंगाखाली यांपैकी दुसऱ्या प्रकारच्या रेषा पाहाव्यात: त्या मध्याकडे जाताना बारीक होत जातात आणि नेमक्या कुठे थांबतात यावरून मधली पांढरी जागा आकार घेते. ती पांढरी जागाच बहुधा चौकटीतली सर्वांत उजळ जागा असते.

टप्पा ८ : आवाजाची अक्षरे

जपानी प्रतीत आवाजाची अक्षरे चित्रकाराने हाताने काढलेली असून ती रचनेचाच भाग असतात. अनेक इंग्रजी आवृत्त्यांत ती पुसून त्या जागी इंग्रजी अक्षरे बसवलेली असतात. आपल्या प्रतीत काय केले आहे ते आधी पाहावे आणि बदललेली अक्षरे असतील तर त्यांच्या वळणावरून मूळ रचनेविषयी काही ठरवू नये. मूळ अक्षरे असतील तर ती वाचता येण्याची गरज नाही. ती कोणत्या दिशेला कलली आहेत, मोठी होत जातात की लहान आणि कोणाच्या मागून जातात, एवढे पुरे.

टप्पा ९ : जवळ ठेवून पाहणे, मग काढून पाहणे

चौथ्या आणि २७व्या खंडांतली एकेक लढत शेजारी ठेवावी. पहिलीतले देह गोलसर आणि बुटके, दुसरीतले टोकदार, सरळ रेषांनी कापल्यासारखे आहेत. यातले श्रेष्ठ कोणते याचा निवाडा करत बसण्यापेक्षा प्रत्येक शैलीत मार कसा वेगळा दिसतो ते पाहावे: गोल देह उसळतो, दबतो आणि परत फुगतो, तर टोकदार देह कापतो, भेदतो आणि तुटतो.

शेवटी एक पान काड्यांच्या माणसांत उतरवून पाहावे. चौकटींची मापे मूळ ठेवावीत, फरशीच्या किंवा क्षितिजाच्या रेषा घ्याव्यात, चेहरे, कपडे, स्नायू आणि आवाजाची अक्षरे गाळावीत. हे पान मालिका न वाचलेल्या कोणाला तरी दाखवावे आणि कोणी कोणाला कुठून मारले ते विचारावे. उत्तर बरोबर आले तर त्या पानाची रचना आपल्या हाती लागली आहे, आणि पुढची लढत टप्पा ३ पासून थेट सुरू करता येईल. उत्तर चुकले तर कोणत्या चौकटीपाशी चुकले ते विचारून घ्यावे आणि त्याच चौकटीत पाहणाऱ्याची जागा, जमिनीची रेषा व बाणाची दिशा मूळ पानाशी पुन्हा ताडून पाहावी. चूक बहुधा या तिन्हींपैकी एकीत निघते.